चेनवालं भूत

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेता घेता माझं लक्ष शोकेसकडे गेलं आणि कप हातातच राहिला. मधल्या फळीवरचं चेनवालं भूत जागेवर नव्हतं.

लोकांच्या शोकेसमध्ये डिनरसेट असतात, लग्नात आलेल्या समया असतात. दारव्ह्यातल्या आमच्या घरी भुतं आहेत. उलट्या पायांची चुडैल, कवटीवाला मांत्रिक, अर्धा जळालेला ठाकूर. जुन्या, स्वस्तातल्या भयपटांवरून बनवलेल्या या अॅक्शन फिगर. दूरच्या शहरांत काही वेडी माणसं त्या थोड्याथोड्या बनवतात आणि मी इथे ब्लाऊज शिवून मागवते. कुरिअरवाला खोकं देताना विचारतो, "आज कोण आलं, वहिनी?" नातेवाईक तोंडावर हसतात, माघारी काय बोलतात तेही मला ठाऊक आहे. बोलोत. माझ्या पैशाची भुतं आहेत.

चेनवालं त्यात सगळ्यात लाडकं. त्या सिनेमावाल्यांजवळ पैसा नसायचा, त्यामुळे भूत पाठमोरं झालं की त्याच्या केसाळ पोशाखाची पाठीवरची चेन सरळ दिसायची. ही फिगर घडवणाऱ्यानं ती चेनसुद्धा सोडली नव्हती. मानेपासून कमरेपर्यंत, बारीक दात्यांसकट कोरली होती. शिवणकाम करणाऱ्या बाईला असं काही दिसलं की संपलंच. त्याचा झगा तेवढा विटका निघाला, म्हणून मी मरून रंगाच्या अस्तराचा नवा शिवून घातला.

या वेडात घरात माझी एकच सोबतीण, माझ्या सासूबाई. दुपारी मशीन बंद करून आम्ही दोघी मोबाईलवर ते सिनेमे पाहायचो. भूत आलं की मी उशी धरायची आणि त्या हिरोईनवर ओरडायच्या, "पळ वं बयताड, मांगं पाह्य!"

या पावसाळ्यात त्यांना ताप आला. ताप उतरला, पण जाताना सांधे धरून ठेवले. कप उचलता येईना, अंबाडा बांधता येईना. डॉक्टर म्हणाले, जाईल हळूहळू. हळूहळू म्हणजे कधी, ते काही सांगेनात. बाजूच्या खोलीतून त्यांचं कण्हणं आलं की माझा मशीनवर पाय चालत नसे. उठायची, पाणी द्यायची, पुन्हा बसायची, पुन्हा उठायची.

"चेनवालं कुठं गेलं?" मी नवऱ्याला विचारलं.

"आईनं मारबतीत द्यायले लावलं," तो बूट घालता घालता म्हणाला. जसं काही रद्दी दिली!

पोळ्याला आमच्याकडे दाराशी पळसाच्या फांद्या ठेवतात. दुसऱ्या दिवशी उजाडताच त्या फांद्या, झिजलेला झाडू, फुटकं सूप असं सगळं उचलायचं आणि "रोगराई घेऊन जा गे मारबत" असं ओरडत शिवेवर टाकून यायचं. आल्यावर पाय धुतल्याशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही. आणि टाकलेलं काही परत आणायचं नाही, आणलं तर त्याच्यासंगं गेलेली पीडाही घरी येते.

माझ्या डोक्यात सणक गेली. झाडूसोबत माझं भूत! "मले इचारलं काहून नाही?" असं ओरडले आणि त्याचं उत्तर न ऐकताच स्कूटी काढली.

शिवेवर नाल्याच्या काठी ढीग पडला होता. मी साडी खोचून फांद्या उपसायला लागले. बकऱ्या घेऊन चाललेली एक म्हातारी थांबली. "मारबतीतलं उचलत नसते वं बाई," ती म्हणाली. "माहं हाय ते," मी म्हटलं. भूत एका सुपाखाली तोंडावर पडलेलं सापडलं. झग्याला चिखल लागला होता, बाकी धड होतं. पिशवीत टाकलं, घरी आले, आणि तशीच तरातरा आत जाऊन पिशवी कपाटात कोंबली.

बाहेर आले तर सासूबाई खाटेवर बसल्या होत्या आणि दोन्ही हात मागे नेऊन अंबाडा बांधत होत्या. हात थरथरत होते, पण बांधत होत्या. अगं बाई! माझे डोळेच भरून आले.

"रागावली काय वं?" त्यांनी विचारलं.

मी पुढे होऊन त्यांच्या अंबाड्यात आकडा खोचला.

"पळसाच्या फांदीत काय जोर हाय? माहं दुखणं तिच्यानं उचललं नसतं. तुह्या भुतायमंदी तोच तगडा हाय. म्हटलं, तूच घेऊन जाय बाप्पा. तुले इचारलं असतं तं तू देलाच नसता." मग म्हणाल्या, "लांब गेला असन ना आता?"

"गेला असन, आई," मी म्हटलं.

दिवसभर मला काही सुचलं नाही. एका ब्लाऊजच्या बाह्या उलट्या जोडल्या, उसवल्या, पुन्हा उलट्याच जोडल्या. सुई मोडली. असं काही नसतं, गोळ्यांनी गुण येतोय, हे मला कळत होतं. तरी पाच-पाच मिनिटांनी उठून मी त्यांचे हात पाहून येत होते, आणि येता-जाता ते कपाट डोळ्यांत खुपत होतं. दुपारी त्यांच्या हातून वाटी निसटून पडली. कुणाच्याही हातून पडते वाटी. मी मात्र ती उचलायच्या आधी कपाटाकडे पाहिलं.

उन्हं कलताच "दही घेऊन येतो" म्हणून निघाले. शिवेवर पोचल्यावर झगा तेवढा काढून घ्यावा असं मनात आलं. मग म्हटलं, राहू दे, लांब जायचं आहे त्याला. चिखल झाडला, नाल्यात उतरून पलीकडे गेले आणि त्याला एका शेताच्या धुऱ्यावर, बांधावर उभं केलं, तोंड पलीकडे करून. पाठीवरची चेन माझ्या बाजूला राहिली. आजूबाजूला कुणी नाही ना हे पाहिलं आणि हळूच म्हटलं, "दुखणं घेऊन जा गे मारबत." दुसऱ्यांदा मोठ्यानं म्हटलं.

घरी आले तर सासूबाई दाराशीच बसल्या होत्या. माझ्या हातात दही नव्हतं. त्यांनी दह्याचं विचारलंही नाही, माझ्या चिखलानं भरलेल्या पायांकडे पाहिलं आणि शेजारचा तांब्या स्वतःच्या हातानं उचलून पुढे केला.

"घे. आता तरी पाय धुऊन घरात ये," त्या म्हणाल्या. "सकाळी धुतले नोते तू."