छताची तपासणी मी केलेली नाही

उजवा पाय पहिल्या पायरीवर होता. खांद्याला मीटरची पिशवी, हातात मोजपट्टी. घरमालक सर जिन्याच्या तोंडाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, तुमी वर जाऊ नका. बळीरामला जाऊ द्या."

मला वाटलं, जिना ओला असेल. फरशी नुकतीच पुसली असेल. अपमान समोर उभा असला तरी माणूस आधी अशी साधी कारणं शोधतो. मी म्हटलं, "सर, पॅनल मला बसवायचेत. बळीराम नुसतं सामान देणार."

"ते खरंय हो. पण वर नेमकी देवघराची बाजू येते. खाली देव आहेत. वाईट वाटून घेऊ नका. मी असलं काही मानत नाही, आईचं असतं जरा."

पाच मिनिटांपूर्वी त्यांनी मला गाव विचारलं होतं. गाव कळल्यावर वस्ती विचारली. मी सांगितलं, मातंग वस्ती. मी ते लपवत नाही. त्याआधी त्यांनी आत पाहून पाणी आणायला सांगितलं होतं. ते पाणी आलं नाही.

पालमहून एसटीने अर्ध्या तासावर हे गाव आहे. नाव लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की बाकीची गावं सुटतात. सर शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. बैठकीत त्यांच्या सत्काराच्या शाली घातलेले फोटो. दारामागच्या बटणाखाली त्यांच्याच सुंदर अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली : 'गरज नसेल तर दिवा बंद करा. वीज ही राष्ट्राची संपत्ती आहे.' मी ती चिठ्ठी वाचली होती आणि घर मला आवडलं होतं.

मी वायरमन आहे. आयटीआय केलं, परवाना काढला, नंतर सरकारनेच भरवलेलं सौर संचाचं प्रशिक्षण घेतलं. पालमच्या एका दुकानात मी हे काम करत होते. बळीराम माझा मदतनीस. चाळिशीचा, अंगाने भक्कम, मनाने सरळ. त्याला वायरिंगमधलं काही कळत नाही आणि तो तसं सांगतोही. पण त्याच्या आडनावाला तो जिना मोकळा होता.

योजना थोडक्यात सांगते, कारण पुढचं समजायला ती लागेल. घराच्या छतावर सौर पॅनल बसवायला सरकार अनुदान देतं. मालकाने अर्ज करायचा, नोंदणी असलेल्या दुकानाकडून पॅनल बसवून घ्यायचे. मग परवाना असलेल्या वायरमनने तपासणीचा अहवाल सही करून द्यायचा. तो वीज कार्यालयात पोचला की येणारी आणि जाणारी वीज मोजणारं नवं मीटर बसतं, आणि त्यानंतर अनुदान मालकाच्या खात्यात जमा होतं. अहवालावर सही नसली तर पुढचं काहीच हलत नाही. आमच्या वस्तीत या योजनेचा एकही अर्ज गेलेला नाही. घराच्या जागेचा उतारा कुणाच्याच नावावर नाही, त्यामुळे अर्जाचं पहिलं पानच भरत नाही. तरी मी योजनेवर रागावले नव्हते. तिने मला काम दिलं होतं. ऊन सगळ्यांच्या छतावर सारखं पडतं, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं. मी ते वहीत उतरवून घेतलं होतं.

तर त्या जिन्याशी मी काय केलं? मी "बरं" म्हटलं.

हे लिहिणं भाग आहे. मी भांडले नाही. पिशवी बळीरामच्या खांद्याला दिली आणि पाय मागे घेतला. पायरीवर माझ्या चपलेची धूळ राहिली होती. सरांनी तिच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं.

मी एवढं मात्र विचारलं, "पॅनल दुसऱ्या बाजूला बसवायचे का मग?"

"छे छे. तिकडं टाकीची सावली पडते ना? तुमीच म्हणालात. इथंच बसवा, ऊन इथं चांगलं आहे."

म्हणजे देवांच्या डोक्यावर लोखंडी सांगाडा चालत होता. पॅनल चालत होते, नटबोल्ट चालत होते. बळीराम रबरी चपला घालून वर गेला, त्याही चालल्या.

मी अंगणात उभी राहिले. मान वर करून ओरडत राहिले. "बळीरामभाऊ, लाल वायर उजव्या हातात घ्या." "काळी सोडा, काळी अजून जोडू नका." "टोपण कट्ट वाजेपर्यंत दाबा." तो वरून विचारायचा, मी खालून सांगायचे. माझ्या हातांना वर्षानुवर्षं सवय असलेलं काम मी तोंडाने करत होते. दहा वाजता सुरू केलं. बारानंतर अंगणात सावलीच उरली नाही.

आता एक तांत्रिक गोष्ट. पॅनलच्या चौकटीवर वीज अडवणारा एक पातळ थर असतो. अर्थिंगची तार तिथे नुसती आवळली तर ती घट्ट बसलेली दिसते, पण वीज तिच्यातून जमिनीत उतरत नाही. म्हणून मध्ये दातेरी वॉशर घालायचा. त्याचे दात थर फोडून धातूत रुततात. तो नसला तर पावसाळ्यात, वायर कुठे उघडी पडली तर, फडकं घेऊन पॅनल पुसायला गेलेला माणूस चिकटू शकतो. वॉशर बोटाच्या पेराएवढा असतो. खालून दिसत नाही.

मी ओरडले, "दातेरी वॉशर घातले का सगळीकडं?"

"घातले वाटतं!"

"वाटतं म्हंजे? मोजा की."

"ताई, लय तापायलंय इथं. हात भाजायलेत. घातले म्हणा की!"

तेवढ्यात सरांच्या आई ओसरीवर आल्या. ऐंशीच्या पुढच्या, नजर अधू. कपाळावर हात धरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"कोण गं तू? कवाधरनं वरडायलीस."

"वायरमन आहे, आजी."

"बाई वायरमन?" त्या बोळकं तोंड उघडून हसल्या. "आन मंग खाली काय करायलीस? वर जा की. त्या रेड्याला काय कळतंय? पडंल तिथून."

बळीराम वरून म्हणाला, "आजी, रेडा ऐकायलाय बरं का."

त्या अजून हसल्या. मी हसले नाही. मी सरांकडे पाहत होते. सर घाईने पुढे आले. "आई, ऊन लागेल. आत चला." त्यांनी आईंचा दंड धरला. त्या जाताना पुटपुटत होत्या, "पोरीला पाणी तरी द्या रे."

तेव्हा मला कळलं की आईचं काही नव्हतं. जे होतं ते सरांचं होतं. त्यांनी ते आईच्या नावावर चढवलं होतं.

दुपारी काम संपलं. सर खूश होते. म्हणाले, "तुमचं समजावून सांगणं फार चांगलं आहे, बाई. आवाजही खणखणीत. तुमी शिक्षिका व्हायला पाहिजे होतं." त्यांनी हे मनापासून म्हटलं. मला वाटतं, तेच सगळ्यात वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात शेठने माझ्यापुढे अहवाल टाकला. बाकी सगळं छापलेलं होतं, माझं नाव आणि परवाना क्रमांकही. शेवटची ओळ अशी : 'वरील संच मी प्रत्यक्ष पाहून तपासला असून तो सुरक्षित आहे.' तिच्याखाली सहीची जागा.

मी अशा कितीतरी अहवालांवर सह्या केल्या होत्या. ती ओळ त्या दिवशी पहिल्यांदा वाचली असं नाही, पण पहिल्यांदा तिथे अडकले. आमच्या सातवीच्या विज्ञानाच्या बाई प्रयोगवहीची दोन पानं वेगळी ठेवायला लावायच्या. एका पानावर निरीक्षण, दुसऱ्यावर अनुमान. डोळ्यांनी पाहिलं ते इकडे, डोक्याने ठरवलं ते तिकडे. एकातलं दुसऱ्यात लिहिलं की वही परत. मी पेन खाली ठेवलं.

"शेठ, मी हे पाहिलेलं नाही."

"काय न्हाई पायलं?"

"छत. मला वर जाऊ दिलं नाही. वॉशर घातलेत की नाही, मला माहीत नाही."

शेठ हसले. "अगं बाई, तुझी सही म्हंजे काय कलेक्टरची सही हाय का? मार आन मोकळी हो."

"कुणाला शॉक बसला तर नाव माझं असेल."

"बरं, मंग बघून ये. मी लावतो फोन सरांला."

त्यांनी फोन लावला. हातात चहाचा कप होता म्हणून फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. मी समोर आहे हे त्यांनी सांगितलं नाही. बहुधा सुचलंच नाही.

"सर, ती बाई म्हणतीय, वर जाऊन बघितल्याबगर सही करणार न्हाई."

पलीकडून सरांचा तोच समजूतदार आवाज आला, "ठीक आहे, येऊ द्या. काम तर अडायला नको. नंतर गोमूत्र शिंपडून घेऊ आमी. फक्त तिला सांगू नका, उगीच वाईट वाटेल बिचारीला."

शेठने फोन उचलून कानाला लावला. उशीर झाला होता.

बळीराम दाराशी खोके रचत होता, त्याने हातातलं खोकं खाली ठेवलं आणि बाहेर जाऊन उभा राहिला. शेठ म्हणाले, "आता परवानगी मिळाली ना? जा, बघून ये. लोकांच्या घरातलं आपल्याला काय करायचंय?"

कालचा अपमान मी गिळला होता. खरं सांगायचं तर त्याला मी मनात नावंसुद्धा सौम्य दिली होती : जुनी माणसं, गावचं वळण, कामापुरतं काम. पण आता माझ्या लक्षात आलं की मला अडवलं तेव्हा आणि मला बोलावलं तेव्हा, दोन्ही वेळा त्यांच्या लेखी मी एकच वस्तू होते. फरक एवढाच, की आता त्यांना माझ्या सहीची गरज होती. माझी सही त्यांना पवित्र होती. तिच्यावर सरकारचं अनुदान येणार होतं. माझे पाय तेवढे धुऊन काढायचे होते.

मी म्हटलं, "मी जाणार नाही."

"मंग सही कर."

"करते."

अहवालाच्या तळाशी 'शेरा' असा एक रकाना असतो. तो कुणी भरत नाही. मी भरला. शब्द अजून पाठ आहेत : 'सदर संचाची तपासणी मी केलेली नाही. माझ्या जातीमुळे घरमालकांनी मला छतावर चढू दिले नाही. नंतर चढू देण्याची तयारी दाखवली, ती माझ्यामागे गोमूत्र शिंपडण्याच्या इराद्याने. त्यामुळे संच सुरक्षित आहे असे मी म्हणू शकत नाही.' खाली सही. खाली परवाना क्रमांक. छापलेली शेवटची ओळ मी पट्टी ठेवून खोडली.

शेठने वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "हे काय लिवलंस? केस होती यानं. फाड ते."

मी फाडलं नाही. तोच कागद घेऊन चालत वीज कार्यालयात गेले. आवक खिडकीवरच्या भाऊंनी तो दोनदा वाचला. आजूबाजूला पाहून हळू आवाजात म्हणाले, "ताई, कशाला वाढवायलाव? नुसतं 'तपासणी बाकी' लिवा. तेवढ्यानं काम होतंय."

"तेवढं लिहिलं तर ते खोटं होईल, भाऊ. तपासणी बाकी का आहे, ते त्यात येत नाही."

त्यांनी शिक्का मारला. पोच दिली.

त्याच संध्याकाळी दुकानातलं माझं काम गेलं. बळीराम निरोप घेऊन घरी आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहून म्हणाला, "ताई, मला बी लय खराब वाटायलंय. पण मी काय बोलणार?" मी त्याला आत बोलावलं. तो आला नाही. त्याचा राग मला नाही, पण ते मी विसरलेलेही नाही.

पुढे काय झालं तेही लिहिते, म्हणजे कुणाचा गैरसमज नको. सरांच्या घरी नवं मीटर बसलं. दुसऱ्या एका वायरमनने अहवाल दिला. बळीरामने मला सांगितलं की तो माणूस त्या गावात गेलाच नव्हता. अहवालावर मात्र छापलेलं आहे, प्रत्यक्ष पाहून. अनुदान जमा झालं असेल. वॉशर आहेत की नाहीत, हे आजही कुणाला माहीत नाही. म्हणून मी वीज कार्यालयाला दुसरं पत्र दिलं आहे, की त्या छताची फेरतपासणी करा. त्या घरात एक म्हातारी बाई राहते. उत्तर आलेलं नाही.

पोलीस ठाण्यातही तक्रार दिली. तिथे मला बाकावर बराच वेळ बसवलं. "शिवी दिली का? मारलं का? मग नेमकं झालं काय?" असं विचारलं. झालं ते मी क्रमाने सांगितलं. त्यांनी क्रमाने लिहून घेतलं नाही, म्हणून मी स्वतः लिहून दिलं. वस्तीतले जाणते म्हणतात, मिटवून घे. सरांकडूनही निरोप आला : गैरसमज झाला, घरी या, चहा घेऊ.

मी जाणार नाही. तक्रार मागे घेणार नाही. काम मिळेल तिथे करीन, घरोघरचे पंखे आणि मोटारी दुरुस्त करीन. पण अंगणात उभी राहून दुसऱ्याच्या हातांना माझं काम पुन्हा शिकवणार नाही. जिथे मला जिना बंद, तिथे माझं शिक्षणही बंद. आणि जिथे जिना बंद झाला, तिथल्या कागदावर मी ते कारणासह लिहीन, नाव घालीन, सही करीन आणि पोच घेईन.