माझा पाय गार पडला तेव्हा

मी लॅबवाला माणूस. ट्यूबमध्ये जे दिसत नाही ते नसतं, असं मानणारा. भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की उठून जाणारा. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटतेय... पण लाजेचं खरं कारण वेगळं आहे.

राहायला डोंबिवली, नोकरी ठाण्यात – टेंभी नाक्याजवळच्या एका छोट्या हॉस्पिटलची लॅब. गेल्या वर्षी एका दुपारी खाडीकाठच्या एका कोळी काकांना आणलं. उजव्या पायाची रक्तवाहिनी गुठळीने अचानक बंद. पाय पांढरा, थंड. अशा वेळी रक्तातलं पोटॅशियम आणि सीपीके – स्नायूंतून रक्तात झिरपणारं एन्झाइम – किती वाढलंय त्यावरून स्नायू किती मेलाय, पाय वाचेल का, याचा अंदाज येतो. भूल देणाऱ्या डॉक्टर माझ्या रिपोर्टसाठी थांबलेल्या.

पोटॅशियम भलतंच जास्त आलं. रक्त घाईत ओढलं की पेशी फुटतात आणि हा आकडा खोटा वाढतो. मग ट्यूबमधलं वरचं पाणी लालसर दिसतं. आमच्याकडे हे रोजचंच. मी ट्यूब न बघताच फोन केला, "सिस्टर, सॅम्पल खराब आहे, दुसरं पाठवा."

"अहो देसाई, परत? काका ओरडतायत इथे!"

"मग नीट काढायचं ना!"

फोन ठेवला आणि माझा उजवा पाय गुडघ्यापर्यंत बर्फासारखा गार पडला. बूट काढून चोळला – हाताला पाय लागत होता, पायाला हात कळत नव्हता. तेव्हा कुठे ट्यूब उचलून पाहिली. पाणी स्वच्छ पिवळं. रिपोर्ट खरा होता.

लगेच फोन करायला हवा होता. नाही केला. आत्ताच सिस्टरवर डाफरलो होतो ना... दुसऱ्या सॅम्पलची वाट बघत बसलो. आकडा तसाच, उलट थोडा चढलेला. मग ऑपरेशन झालं, पण काकांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तसाही गेला असता कदाचित, असं डॉक्टर म्हणतात. माझा मात्र संध्याकाळी आपोआप गरम झाला. सगळ्या तपासण्या करून घेतल्या. नॉर्मल.

पुढे काका व्हीलचेअरवरून रक्त पातळ करायच्या गोळीच्या तपासणीला आले. मला त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. मी सुई टोचत असताना म्हणाले, "काय रं भाऊ, तुजा पाय गरम झाला का?"

"माझा? काहीतरी गल्लत होतेय, काका."

त्यांची बायको हसली, "अवं, सगल्यांना पायच इचारतात हल्ली!"

"नाय गं. यालाच इचारतोय."

त्यांना कसं कळलं, मला आजही सांगता येत नाही. मला जे सांगता येतं, तेही मी त्यांना सांगितलेलं नाही. ते अजून तपासणीला येतात. मी रक्त घ्यायच्या खिडकीशी दुसऱ्या कोणाला तरी पाठवतो आणि आत मशीनमागे उभा राहतो.

जाताना ते मान वाकडी करून विचारतात, "आतला भाऊ बरा हाय ना?"