काचेवरची शाई

काचबाई वेधशाळेत तीस वर्षं आकाशाच्या फोटोंच्या काचा धुवायच्या. एका काचेवर ताऱ्यांच्या दाटीत मोकळा डाग राहिला, तेव्हा साहेब खेकसले, “धुताना लेप घालवलात!” बाईंनी तिथलाच फोटो आणखी तीनदा घ्यायला लावला. डाग तिथेच.

“साहेब, ताऱ्यांच्या आड काहीतरी आलंय.”

“तुम्ही काचा धुवा. अक्कल पाजळू नका.”

बाईंनी काचेच्या पाठीवर शाईने डागाभोवती गोल काढला आणि तारीख घातली.

पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं, की तिथे थंड वायूचा आणि धुळीचा अजस्र ढग आहे, तो स्वतःच्याच भाराने आकसतोय आणि त्याच्या पोटात नवे तारे जन्म घेताहेत. सत्कार अर्थातच साहेबांचा झाला. ढग जणू त्यांनीच फुंकून ठेवला होता! बाईंना खुर्च्या मांडायला बोलावलं होतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तीच काच पुढे सरकवली. “पुस्तकात छापायचीय. मागची शाई तेवढी काढा.”

बाईंनी ओलं फडकं फिरवलं. गोल गेला, तारीख गेली.

साहेबांनी काच उजेडात धरली. “बघा, मनावर घेतलं की येतं तुम्हाला नीट धुता.”