साइटवरचा श्री

मी पदवीधर अंगठेबहाद्दर आहे. आणि तेही बायकोच्या अंगठ्यावर!

आमच्या कापडे गावात सौ.चा बचत गट नाचणीचे पापड करतो. गटाची साइट मी बनवली (हे अख्ख्या गावाला सांगून झालं होतं), आणि अ‍ॅप पुण्यातल्या आमच्या लेकीने, सायलीने. दुसऱ्या दिवशी पोलादपुरात तालुक्यातल्या सगळ्या गटांसमोर सौ.ला ते दाखवायचं होतं. लिंक दाबली की थेट अ‍ॅप उघडतं, असं तिने छातीठोकपणे सांगून ठेवलेलं. प्रत्यक्षात उघडत होती साइट!

मी सायलीला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, हे सोयरिकीसारखं आहे. अ‍ॅप म्हणतंय साइट माझी. साइटनेही म्हणायला हवं, अ‍ॅप माझं. तशी एक फाइल साइटवर चढवा, त्यात अ‍ॅपचं फिंगरप्रिंट घाला." मी "कळलं" म्हणून फोन ठेवला. (न कळलेलं मी नेहमी असंच लवकर आटपतो.)

अ‍ॅप सौ.च्या नावावर, म्हणजे अंगठाही तिचाच! पापड लाटताना तिला उठवून शाईच्या पॅडवर अंगठा दाबून घेतला, फोटो काढला आणि चढवला. काही फरक नाही. भाकऱ्या थापून रेषा पुसट झाल्या असतील म्हणून डावाही घेतला. शाई पापडाला लागली तेव्हा ती म्हणाली, "अवो, साइट तुमची हाय, मंग अंगठा माझा कशाला?" प्रश्न बिनतोड होता, म्हणून मी रागावलो.

सायली फोनवर हसून हसून दमली. फिंगरप्रिंट म्हणजे अंक-अक्षरांची लांबलचक ओळ असते म्हणे! तिने पाठवली, मी फाइलीत चिकटवली. तरी ये रे माझ्या मागल्या. सकाळी निघायची वेळ झाली. सौ. नवी साडी नेसून पुन्हा पुन्हा लिंक दाबत बसलेली. तिचा चेहरा पाहून मला खरंच वाईट वाटलं. शेवटी सायलीने स्वतःच फाइल तपासली.

"बाबा, सगळ्यात वर हे काय लिहिलंय?"

"श्री," मी म्हणालो. आमच्या घरात कोरा कागद श्रीशिवाय सुरू होत नाही.

"मशीनला ते चालत नाही. काढा."

देवाची माफी मागून काढला. लिंक दाबली, आणि अ‍ॅप फाडकन उघडलं!

पोलादपुरात सौ.ने भर सभेत लिंक दाबली. टाळ्या पडल्या, चार गटांनी आम्हालाही असं अ‍ॅप हवं म्हणून तिथल्या तिथे नावं दिली. कुणीतरी विचारलं, अडचण काही आली का? ती झोकात म्हणाली, "काय नाय गो, वरचा श्री काढून टाकला, मंग सगळं सुरळीत झालं." सगळ्या बायांनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि आणखी जोरात टाळ्या वाजवल्या. मी उठून नमस्कार केला. त्यांचंही फारसं चुकलं नव्हतं.