गच्चीवरचा कांद्यांचा वॉर्ड

माझ्या सासूबाईंना सरळ "हो" म्हणता येत नाही आणि सरळ "नाही"ही म्हणता येत नाही. छत्तीस वर्षं नर्स होत्या, अख्खी गल्ली त्यांना अजून सिस्टरच म्हणते. बाळंतपणाची माझी रजा निम्मी संपली तेव्हा मी विचारलं, "आई, मी कामावर गेले की बाळाला तुम्ही सांभाळाल ना?" तर म्हणाल्या, "आधी माझे कांदे निघू देत. मग सांगते."

आता कांद्यांचा आणि माझ्या बाळाचा काय संबंध? तळपायाची आग मस्तकात गेली माझी. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं माझं काम. मालकांनी सहा महिने जागा धरून ठेवली होती. ठरलेल्या सोमवारी गेले नाही तर तिथे दुसरी कुणी बसणार, हे त्यांनी फोनवर गोड आवाजात सांगितलं होतं. आमच्या ह्यांना विचारलं तर म्हणे, "तुम्ही दोघी काय ते ठरवा," आणि तोंड पेपरात. हे नेहमीचंच!

मग एका दुपारी लंगोटांच्या घड्या घालताना त्या आपणहून बोलल्या. नोकरीच्या शेवटच्या महिन्यात त्यांनी एका पेशंटला इंजेक्शन दिलं आणि कागदावर लिहायचं विसरल्या. दुसरी सिस्टर तेच इंजेक्शन पुन्हा भरून उभी राहिली. "मी वेळेवर पोचले म्हणून निभावलं गं. पण छत्तीस वर्षांत जे झालं नाही ते झालं. डोकं शाबूत आहे की नाही, माझं मलाच कळेना. म्हणून बाळ दीड महिन्याचं असताना ही कांद्याची रोपं लावली. ती नीट वाढवली, तर मूल हातात घेईन." माझे डोळे भरून आले आणि रागही आला. घड्या मात्र घालत राहिले.

तर गच्चीवर प्लास्टिकचे सहा क्रेट, आणि प्रत्येक क्रेटला दोऱ्याने बांधलेला नंबर. बेड नंबर एक ते सहा! शिवाय एक जाड वही. पाणी किती, ऊन किती, पात कशी दिसते, सगळं तारीख-वेळ घालून. एकदा मी म्हटलं, "आई, ताप कुठे बघता? काखेत?" त्या हसल्यासुद्धा नाहीत.

दुसऱ्या महिन्यात पातींवर चंदेरी चट्टे उठले, शेंडे वाकडे झाले. मी दुकानातलं जुनं भिंग आणून दिलं. त्यांनी पांढऱ्या कागदावर पात झटकली, तर भाताच्या तुसाएवढेही नाहीत असे पिवळसर किडे तुरुतुरु पळाले. फुलकिडे. पातीच्या बेचक्यात लपून रस शोषतात मेले. सिस्टरबाईंनी काय करावं? बेड नंबर तीन आणि चार उचलून न्हाणीघरात नेऊन ठेवले. विलगीकरण! चार दिवस आम्ही कांद्यांशेजारी बसून आंघोळ केली. त्या बंद, वारा नसलेल्या कोपऱ्यात किडे दुप्पट झाले. शेवटी दोन्ही क्रेट पुन्हा उन्हावाऱ्यात गेले, रोज सकाळी पातींवर पाण्याची जोरदार पिचकारी आणि दोन दिवसांआड पातळ साबणाचं पाणी. तेव्हा कुठे कीड हटली. पुढे बेड नंबर दोनमधलं एक रोप मऊ पडलं. उपटलं तर मुळं काळी आणि वास असा की नाक धरावं. पाणी जास्त झालं होतं. त्यांनी क्रेटच्या बुडाला तापल्या सळईने आणखी भोकं पाडली आणि वहीत लिहिलं, "चूक माझी."

आणि मग माझ्या सोमवारच्या आधीचा गुरुवार उजाडला. मी बाळाला कडेवर घेऊन गच्चीवर गेले तर सासूबाई जमिनीवर बसलेल्या, मांडीवर बँडेजचा रोल. हिरव्यागार पाती एका रात्रीत बुडापासून कोलमडल्या होत्या. बाईंनी आइस्क्रीमच्या काड्या लावून निम्म्या पातींना बँडेज बांधलं होतं, अगदी मोडल्या हाताला बांधतात तसं, वर चिकटपट्टी. मला हसू फुटणार होतं, पण त्यांनी मान वर केली आणि हसू घशातच राहिलं.

"नाही जमलं गं," त्या म्हणाल्या. "काय चुकलं तेही कळत नाही. तू दुसरी बाई बघ."

चार दिवसांत कुठली बाई मिळणार? तेवढ्यात आमची भाजीवाली भाजीची पिशवी द्यायला वर आली. तिने ते बँडेज पाहिलं आणि कमरेवर हात ठेवून अशी हसली की बाळ दचकलं.

"अहो सिस्टर, साप साप म्हणून भुई धोपटताय! कांद्याने मान टाकली म्हणजे तो तयार झाला. आता पाणी बंद, आठवड्याने उपटा." आणि विचारलंही नाही, एक काडी लावलेला कांदा सर्रकन उपटला. मुठीएवढा, टणक, लालबुंद.

सासूबाईंनी तो कांदा हातात घेऊन उलटसुलट फिरवून पाहिला. मी वही उचलली, पहिल्यापासून उलटत गेले. एक दिवस चुकलेला नाही. फक्त एका ठिकाणी लाल शाईत होतं, "मी लग्नाला गेले होते. पाणी घालायला सून विसरली."

"आई," मी वही पुढे धरली, "चार महिन्यांत विसरलं कोण, ते वाचा जरा."

त्यांनी वाचलं. मग पदराने डोळे पुसले, कांदा भाजीवालीच्या पिशवीत टाकला आणि बाळासाठी दोन्ही हात पुढे केले. "सोमवारी किती वाजता निघायचंय तुला?" माझा जीव भांड्यात पडला. मी तिथेच, त्या बँडेजच्या पसाऱ्यात बसकण मारली.

सोमवारी संध्याकाळी घरी आले तेव्हा बाळ झोपलं होतं आणि सासूबाई त्याच्या उशाशी डुलक्या घेत होत्या. वही टेबलावर उघडी. कांद्यांचं पान संपून नवं पान सुरू झालं होतं.

"९.१० सून निघाली. डबा विसरली. बाळ रडलं नाही. सून जिन्यात रडली. उद्यापासून डबा मी हातात देईन."