फ्रीझरातली चांदणी

हेमलता तुळसकरला कुठलीही गोष्ट नुसती बघून समाधान व्हायचं नाही. ती जवळून बघायची, उलटी करून बघायची आणि जमलं तर खोलूनही बघायची. वेंगुर्ल्याला लहान असताना बाजारातून आलेल्या माशांची खवलं ती आजोबांच्या चष्म्याखाली धरून बसायची, आणि आई चुलीपाशी ओरडायची, "अगो, मासे आज शिजवायचे आहेत की त्यांचं लग्न लावायचंय?" ही खोड काही सुटली नाही. या खोडीनंच तिला लॅबोरेटरीत नेलं, आणि लॅबोरेटरीनं थेट सौदीत, हुफूफच्या एका सरकारी इस्पितळाच्या ब्लड बँकेत.

नवरा गिरीश तिथंच एका बँकेत होता, मुलगी शिवांगी इंडियन स्कूलमध्ये. बरं चाललं होतं. मग नव्वदच्या ऑगस्टमध्ये सद्दामच्या फौजा कुवेतमध्ये घुसल्या आणि सगळ्यांची पळापळ झाली. गिरीशची बँक बंद पडली आणि तो शिवांगीला घेऊन गावी गेला. हेमलताला जाता आलं नाही, कारण इस्पितळानं सगळ्यांच्या रजा बंद केल्या होत्या. क्वार्टरमध्ये ती एकटी उरली. सोबतीला गिरीशचा कॅमेरा आणि शिवांगीचं विज्ञानाचं जाडजूड पुस्तक.

एकटी बाई काय करणार? पुस्तक वाचत बसली. आणि त्यात हिमकणांचं पान निघालं.

काय ती चित्रं! सहा पाकळ्या, सहा फांद्या, फांदीला पुन्हा बारीक फांद्या, आणि सगळं कसं मोजूनमापून. खाली लिहिलं होतं की ही चित्रं नाहीत, फोटो आहेत. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका शेतकऱ्यानं सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून ते काढले. भर थंडीत तो काळ्या फळीवर बर्फ झेलायचा, श्वास रोखायचा आणि कण वितळायच्या आत फोटो घ्यायचा. गावातले लोक त्याला वेडा म्हणायचे, तरी त्यानं आयुष्यभर दुसरं काही केलं नाही. हजारो फोटो काढले, पण एकासारखा दुसरा त्याला सापडला नाही.

"थापा!" हेमलता पुस्तकाला म्हणाली. "कुणीतरी कात्रीनं कापलंय हे."

बर्फ तिनं बघितला होता तो फक्त मासेवाल्यांकडचा, भुशातला. त्यात कसल्या आल्यात पाकळ्या? पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. आणि अहो, वाळवंटात राहत असली म्हणून काय झालं, थंडी तिच्या हाताशीच होती. लढाई होणार म्हणून ब्लड बँकेला नवा फ्रीझर आला होता, चांगला खोलीएवढा. आत जायचं तर अंगावर जाड कोट चढवावा लागे. रक्तातून वेगळा काढलेला प्लाझ्मा, म्हणजे रक्तातलं पिवळसर पाणी, त्यात गोठवून ठेवायचे. जखमी माणसाचं रक्त थांबत नसलं की हाच प्लाझ्मा चढवतात. बाहेरच्या तबकडीवर काटा कायम उणे तीसवर असायचा.

पुस्तकात आणखी एक मजा होती. एका जपानी शास्त्रज्ञानं म्हणे आकाशाची वाट न बघता सशाच्या केसावर हिमकण वाढवले होते, आणि थंडी किती यावर कणाचा आकार ठरतो हे शोधून काढलं होतं. पानावर तक्ताच होता. इतक्या थंडीत खांब, इतक्या थंडीत चकत्या, इतक्या थंडीत चांदण्या. हेमलतानं कोटाच्या केसाळ कॉलरचे चार केस उपटले आणि फ्रीझरात रॅकच्या दांड्यांना लोंबकळत बांधले. दोन मागं, एक मधे, एक दाराजवळ. ससा नाही तर कॉलर, तिचं काही अडलं नाही.

केसांवर खरंच कण धरले! पण कसले? बारीक खांब, पोकळ पेले, चपट्या टिकल्या. भिंगातून बघताना ती हरखून जायची, तरी चांदणी काही येत नव्हती. तिला चांदणीच हवी होती. एक तरी खरी सहा हातांची चांदणी स्वतःच्या डोळ्यांनी बघायची आणि तिचा फोटो काढायचा, एवढंच.

फोटोचं प्रकरण मात्र जोखमीचं होतं. इस्पितळात कॅमेरा आणायला सक्त बंदी होती. ब्लड बँकेचे प्रमुख डॉक्टर सिद्धार्थ मिराशी, माणूस नागपूरचा, बोलायला गोड आणि नियमाला कडक. त्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं होतं, "कुणाकडे कॅमेरा सापडला तर मी मधे पडणार नाही. इकामा रद्द आणि पुढचं विमान." इकामा म्हणजे तिथं राहायचा परवाना. हेमलतानं मान डोलावली होती, आणि दुसऱ्याच दिवशी डब्याच्या पिशवीत पोळ्यांखाली कॅमेरा घालून आणला होता. हिला धाडसी म्हणावं की बिनडोक, तुम्हीच ठरवा. लेन्स काढून उलटी धरली की जवळचं मोठं दिसतं, हे गिरीशनं एकदा तिला मुंगीवर दाखवलं होतं. तेवढ्या विद्येवर बाई निघाल्या.

आत गेल्यावर खरी अडचण श्वासाची. जरा जवळ वाकलं की तोंडाची वाफ कणावर जायची आणि पेला वितळून थेंब व्हायचा. श्वास धरायचा तर किती धरणार? जानेवारीत लढाईला तोंड फुटलं, भोंगे वाजायला लागले, आणि इस्पितळानं प्रत्येकाच्या गळ्यात विषारी वायूपासून वाचायचा मास्क अडकवला. हेमलतानं तो अर्थातच उलटसुलट करून बघितला. तिच्या ध्यानात आलं, बाहेर पडणारा श्वास यात हनुवटीखालच्या झडपेतून खाली जातो, समोर जात नाही.

"गे बाय माझे!" ती म्हणाली. सद्दामनं आपलं काम सोपं करून दिलं असं तिला क्षणभर वाटलं, आणि लगेच त्याची लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मास्क चढवून फ्रीझरात वाकलेली होती. एवढ्यात दुरुस्ती विभागातला ताजुद्दीन दिवा बदलायला आला. हा नांदेडचा. माणूस मनानं लाख, पण काळीज चिमणीचं. त्यानं दार उघडलं तर समोर कोट घातलेली, मास्क लावलेली बाई.

"या अल्ला! गॅस आ गया!"

शिडी टाकून जो धावत सुटला तो थेट वॉर्डात. पाच मिनिटांत अख्ख्या मजल्यानं मास्क चढवले, एका म्हाताऱ्या पेशंटला नर्सनं उलटाच घातला आणि तो आतून शिव्या देत होता. हेमलता धावाधाव करून सांगत होती की काही नाही, काही नाही, पण मास्कमधून कुणाला काय ऐकू येणार! शेवटी डॉक्टर मिराशींनी तिला विचारलं, "आत मास्क कशाला घातला होता, तुळसकरबाई?"

"थंडीनं नाक गळतं, सर," ती म्हणाली. कॅमेरा तेव्हा कोटाच्या आत काखेत होता.

ताजुद्दीनला काही ते पटलं नाही. त्या दिवसांत जो तो खिडक्यांना चिकटपट्टी लावत होता. त्यानंही फ्रीझरच्या दाराच्या चौकटीला वरपासून खालपर्यंत रुंद तपकिरी पट्टी लावली. "बाजी, गॅस आया तो खून में नहीं जाना चाहिए," तो तिला, ताईला सांगावं तसं, गंभीरपणे म्हणाला. हेमलताला हसू आलं. फ्रीझरचं दार मुळातच घट्ट असतं हे त्याला कोण सांगणार? पण तिच्यामुळंच तो बिचारा घाबरला होता, म्हणून तिनं पट्टी राहू दिली.

त्यानंतर काही दिवसांनी तिला चांदणी दिसली.

दाराजवळच्या केसावर ती वाढली होती. सहा हात, प्रत्येक हाताला पिसासारख्या फांद्या, मधोमध एवढीशी षट्कोनी टिकली. टॉर्चच्या उजेडात ती लखलखली आणि हेमलताच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे खरं होतं! कात्री नव्हती, थाप नव्हती! लढाईचा आवाज नाही, एकटेपण नाही, काही नाही. ती आणि ती चांदणी. तिनं काखेतून कॅमेरा काढला, उलटी लेन्स धरली आणि रोल संपेपर्यंत फोटो घेतले.

जेवणाच्या सुट्टीत ती तरंगतच क्वार्टरवर गेली. पोळी खाता खाता पुस्तकातल्या चांदण्यांशी आपली चांदणी ताडून बघू लागली. बोट तक्त्यावरून खाली सरकलं. चांदण्या, फांद्यांच्या. थंडी, उणे पंधराच्या आसपास.

घास तोंडातच राहिला. फ्रीझर तर उणे तीसवर होता!

ती जेवण टाकून पळत आली. तबकडीचा काटा जागच्या जागी, उणे तीसवर. पण ती तबकडी थंडी मोजत होती मागच्या भिंतीपाशी, पंख्याखाली. हेमलतानं काचेचा थर्मामीटर दाराजवळच्या रॅकवर ठेवला आणि वाट बघितली. उणे तेरा. मग स्टुलावर चढून दाराचा वरचा कोपरा बघितला. तपकिरी पट्टीची एक घडी सुटून दाराच्या रबराखाली अडकली होती. बोट जाईल एवढी फट. त्यातून बाहेरची ऊबदार, दमट हवा आत येत होती, आणि त्याच हवेनं चांदणी घडवली होती.

म्हणजे ही चांदणी म्हणजे दार गळत असल्याची खूण! आणि ती बाई इतका वेळ तिच्यासमोर उभी राहून डोळ्यांत पाणी आणत होती. हिमाची फुलं दिसली की आधी दाराचं रबर बघ, हे ब्लड बँकेत नव्या पोरीलाही शिकवतात. तिनं स्वतः शिकवलं होतं.

पट्टी ओढून काढायला क्षणभरही लागला नसता. संध्याकाळपर्यंत सगळं उणे तीसला आलं असतं आणि कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण पुढच्या दोन रॅकवरचा प्लाझ्मा किती दिवस अर्धवट थंडीत होता, देव जाणे. असा प्लाझ्मा दिसायला तसाच दिसतो, पण रक्त थांबवायची ताकद त्यातून निघून जाते. आणि हे सांगायचं तर फ्रीझरात ती काय करत होती हेही सांगावं लागणार. कॅमेरा, केस, मास्क, सगळं. मग इकामा रद्द आणि पुढचं विमान. नोकरी गेली तर गिरीशची बँक पुन्हा उघडेपर्यंत घर कशावर चालणार होतं?

तेवढ्यात खिडकीशी मीनाक्षी आली. बाळंतपणाच्या वॉर्डातली ही अकोल्याची नर्स कधी चालत यायची नाही, आजही धापा टाकत होती.

"हेमाताई, प्लाझ्मा दे लवकर! एक बाई बाळंत झालीये, रक्त थांबतच नाहीये. चार पिशव्या."

नियम असा की जुना माल आधी, आणि जुना माल पुढच्या रॅकवर. हेमलताचा हात सवयीनं पुढच्या रॅककडे गेला आणि थांबला. ती आत मागच्या भिंतीपर्यंत गेली, तिथल्या पिशव्या काढल्या आणि वितळवायला लावल्या.

"अगं, पुढच्या आधी द्यायच्या ना?" मीनाक्षी म्हणाली.

"पुढच्या कुणालाच द्यायच्या नाहीत," हेमलता म्हणाली आणि तिनं फोन उचलून डॉक्टर मिराशींना बोलावलं.

ते आले. तिनं आधी काहीच सांगितलं नाही. कोट दिला, मास्क चढवायला लावला, भिंग हातात दिलं आणि केस दाखवला. मिराशी वाकले. बराच वेळ हलले नाहीत. मग मास्कमधून घुमल्यासारखा आवाज आला, "अप्रतिम!"

"अप्रतिम नाही सर, वाईट आहे," ती म्हणाली, आणि मग न थांबता सगळं सांगून टाकलं. तक्ता, थर्मामीटर, पट्टी, ताजुद्दीन का घाबरला ते, आणि लपवलेला कॅमेराही काढून पुढ्यात ठेवला.

मिराशींनी मास्क उतरवला. चेहरा लाल झाला होता, थंडीनं की रागानं कळेना. "तुम्ही पट्टी काढून गप्प बसला असतात तर मला कळलंही नसतं."

"मला कळलं असतं," हेमलता म्हणाली. "आणि ती वॉर्डातली बाळंतीण रक्त जाऊन मेली असती तर तिच्या बाळाला काय सांगणार होते मी, सर? चांदणी फार सुंदर होती म्हणून?"

मिराशींनी स्टूल ओढलं. स्वतः स्टुलावर चढले आणि पट्टी ओढून काढली.

पुढच्या दोन रॅकवरच्या पिशव्या सगळ्या टाकून द्याव्या लागल्या. खजुराच्या बागांतून काम करणारी पोरं, शाळामास्तर, ड्रायव्हर, कोण कोण रांगा लावून रक्त देऊन गेले होते. हेमलतानं त्या स्वतःच्या हातानं बाद केल्या, आणि एकेक पिशवी टाकताना ती रडली. मीनाक्षीनं येऊन सांगितलं की बाळंतिणीचं रक्त थांबलं, तेव्हा पुन्हा रडली.

मुदीर, म्हणजे इस्पितळाचे संचालक, त्यांच्यापुढं दोन दिवसांनी तिची पेशी झाली. मिराशी मधे पडणार नव्हते, पण पडले. रोल धुऊन आणला होता. बाकीचे फोटो धूसर आले होते, एकच नीट आला होता, आणि तो मुदीरच्या हातात होता. त्यांनी तो आडवा धरला, उभा धरला, फिरवला.

"यात वरची बाजू कुठली?" त्यांनी विचारलं.

"कुठलीही, सर. कसाही धरा, सारखाच दिसतो."

मुदीर पुन्हा फिरवून बघत राहिले. पोटातून हसू आलं ते त्यांनी दाढीत दाबलं. मग कॅमेरा लढाई संपेपर्यंत जप्त झाला, तिला कडक ताकीद मिळाली, आणि "यल्ला, कामाला लागा," असं म्हणून त्यांनी तिला घालवलं. फोटो फ्रीझरच्या फायलीत गेला. खाली लिहिलं, दाराच्या रबरात दोष. तिनं एक प्रत मागितली, ती काही मिळाली नाही.

लढाई संपली, गिरीश आणि शिवांगी परत आले, हेमलता पुढं बरीच वर्षं तिथंच राहिली. नोकरीत शेवटपर्यंत तिचा एक नेम होता. सकाळी आल्या आल्या कोट चढवायचा, आत जायचं आणि टॉर्च घेऊन आधी दाराचा वरचा कोपरा बघायचा. कोपरा कोरडा असायचा, स्वच्छ, एक कणसुद्धा नाही. तिच्या जिवात जीव यायचा. आणि दार लावून घेताना, रोज, तिला थोडं वाईट वाटायचं.