भरतीचा भ

नवा फोन हाती आला की चारुताई तो घेऊन भर उन्हात जात आणि हात लांब करून अक्षरं वाचत. "सावलीत काय, सगळीच अक्षरं देखणी दिसतात," म्हणत. माकुणसारच्या बागायतदार घरातल्या या बाई बोईसरच्या आमच्या छोट्या कंपनीत फाँट करत. मी शेजारच्या खुर्चीवर बसून अ‍ॅप सांभाळत असे.

अ‍ॅप होतं किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना भरती-ओहोटीच्या वेळा कळवण्याचं. ते नुकतंच सुरू झालं होतं, तोच सुकी मासळी विकणाऱ्या यमुनाकाकी थेट ऑफिसात आल्या. फोन टेबलावर आपटून म्हणाल्या, "माजा माणूस दर्यात हाय, न तुमी लिवता 'मरती दुपारी'? असा कोणी लिवतं का?"

आम्ही 'भरती'च लिहिलं होतं. पण त्या साध्या फोनवर 'भ'च्या डोक्यावरचं वळण पुसलं गेलं होतं, शिरोरेषेतली फट बुजली होती, आणि 'भ'चा चक्क 'म' झाला होता. पडद्यावर बारीक अक्षर कसं बसवायचं, याच्या सूचना फाँटमध्येच असतात. त्याला हिंटिंग म्हणतात. तिथंच गडबड होती.

साहेब म्हणाले, "उद्यापासून मेसेज इंग्रजीत पाठवा. कटकट नको."

"म्हणजे काकींना काय कळवायचंच नाय!" चारुताई उसळल्या. "मला चार दिवस द्या."

त्यांनी सगळ्या सूचना हाताने नव्या लिहिल्या. बहुतेक फोन सुधारले. काकींच्या फोनसारखे स्वस्त फोन मात्र त्या सूचना वाचतच नव्हते. मी हात टेकले. त्या हसल्या. "ऐकणाऱ्याला सांगावं. न ऐकणाऱ्यापुढं आपणच घट्ट उभं राहावं." आणि त्यांनी 'भ'च नव्याने काढला: फट रुंद, वळण ठसठशीत.

"मोठा केला की बेढब दिसतोय," मी म्हटलं.

"दिसू दे. तो लग्नपत्रिकेत मिरवायला नाय. बोट गाळात रुतू नये म्हणून हाय."

मग आम्ही बंदरावर गेलो. काकींचा नवरा सुखरूप परतला होता, जाळं उलगडत बसला होता. नवा 'भ' अ‍ॅपमध्ये घालून मी मेसेज पाठवला. काकींनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि ओरडल्या, "भरती! भरती हाय गो!" टोपल्या घेऊन बसलेल्या बायकांनी आपापले फोन काढले, आणि धक्काभर 'भरती, भरती' असा एकच गलका झाला. चारुताईंनी शाळकरी पोरीसारखी टाळी वाजवत उडी मारली. इंग्रजी मेसेजचं नाव साहेबांनी पुन्हा काढलं नाही.

गेल्या वर्षी फाँट करणाऱ्या एका मोठ्या कंपनीने चारुताईंना पुण्याला बोलावून घेतलं. पालघर स्टेशनावर निरोप द्यायला यमुनाकाकी सुक्या बोंबलांचं पुडकं घेऊन आल्या. "बाय, तिकडं मोठ्या लोकांत जाऊन आमची अक्षरं इसरशील."

चारुताईंनी पुडकं छातीशी धरलं. "काकी, दुसरी येतात कुठं मला?"